लाल तुऱ्याचा माग

गुरुवार : इंगोलश्टाट

आउग्सबुर्गहून निघणारी पॅसेंजर आयखाख, श्रोबेनहाउझेन करत, अस्पॅरॅगसच्या शेतांमधून रमतगमत इंगोलश्टाटला पोचते. मांडीवर खोका होता आणि खोक्यात लाल तुरा. घोड्याचे केस, खाली बोटभर लाकडी खुंटी, खुंटीभोवती तार. पहिल्या महायुद्धाच्या आधी जर्मन सैनिक आपल्या टोकदार शिरस्त्राणावर, म्हणजे पिकेलहाउबेवर, संचलनाच्या दिवशी असा तुरा चढवत. 'हारबुश' त्याचं नाव. ज्या जुन्या बाजारवाल्याकडून मी तो घेतला, त्याला एवढंच माहीत होतं की माल कुणाच्या तरी माळ्यावरून आलाय.

लाल रंगावर हक्क सांगणारे मुख्यतः दोघे. पहिला बव्हेरियाचा तोफखाना. दुसरे वाजंत्री. प्रशियाच्या गार्ड पायदळात, म्हणजे राजाच्या खास पलटणींत, शिपायांचा तुरा पांढरा, फ्युसिलिअर बटालियनचा काळा, पण त्याच रेजिमेंटांचे ढोलवाले आणि बासरीवाले लाल तुऱ्यात. ग्रेनेडिअर रेजिमेंटांत शिपाई काळ्या तुऱ्यात, तिथेही वाजंत्री लालच. तेव्हा प्रश्न सरळ होता : माझा तुरा तोफेमागचा की ढोलामागचा? बायको म्हणाली, "एवढ्याशा झुबक्यासाठी रजा टाकणार?" टाकली. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, उमेदवारी केलेल्या माणसाला रंगवलेला धागा दिसला, की तो कुणी, कशात आणि कशासाठी रंगवला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

बव्हेरियाचं लष्करी संग्रहालय इंगोलश्टाटच्या नव्या किल्ल्यात आहे. 'नवा' म्हणजे पंधराव्या शतकातला. संग्रहालय १८७९ साली बव्हेरियाचा राजा दुसऱ्या लुडविगने स्थापन केलं ते म्युनिकमध्ये. दुसऱ्या महायुद्धात तिथली इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९७२ मध्ये ते इथे नव्याने उघडलं. भिंती इतक्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात खाट मावेल.

इथे आधी बघायचा तो राउपेनहेल्म. एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक काळ बव्हेरियन सैन्य प्रशियासारखं टोकदार शिरस्त्राण घालत नव्हतं. उंच चामडी टोपी आणि तिच्यावर कपाळापासून मानेपर्यंत केसाळ सुरवंटासारखा काळा पट्टा. प्रशियात चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मने १८४२ सालीच टोकदार शिरस्त्राण आणलं होतं. जर्मनी एक झाला तरी बव्हेरिया आपल्या सुरवंटाला चिकटून राहिला. दुसऱ्या लुडविगला प्रशियन टोक मुळीच आवडत नसे असं सांगतात. जून १८८६ मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी, राजप्रतिनिधी लुइटपोल्डच्या अमदानीत, बव्हेरियन पायदळाच्या डोक्यावर पिकेलहाउबे आलं.

मी त्या काचेसमोर बराच वेळ थांबलो, कारण माझ्या प्रश्नाचा एक धागा तिथेच होता. तोफखान्याच्या राउपेनहेल्मवर डाव्या बाजूला लाल तुरा असायचा. टोपी बदलली, आकार बदलला, पण तोफखान्याचा लाल मात्र राहिला. बाजूचा तुरा डोक्यावर गेला एवढंच. प्रशियाच्या तोफखान्याची गंमत वेगळी : त्यांच्या शिरस्त्राणावर टोकाऐवजी गोळा, आणि गार्डचा तोफखाना असेल तर संचलनाला पांढरा तुरा. म्हणजे लाल तुरा आणि तोफ ही जोडी खास बव्हेरियाची. आमच्या तुऱ्याच्या बाजूने पहिलं मत बव्हेरियाला पडलं.

जनरलांची गोष्ट निराळी. त्यांना घोड्याचे केस चालत नसत, पिसं लागत. प्रशियन जनरलचा पिसांचा तुरा काळा-पांढरा, बव्हेरियनचा पांढरा-निळा. प्रत्येक राज्य आपले रंग डोक्यावर मिरवत होतं. काचेआडून पिसं अजून फुललेली दिसतात, पण जवळ नाक नेलं की टोकं झडल्याचं कळतं.

शुक्रवार : पुन्हा इंगोलश्टाट

डॅन्यूब ओलांडली की राइड्यूइट टिली. वास्तुविशारद क्लेन्त्सेने बांधलेला भला मोठा अर्धगोल बुरूज, आणि १९९४ पासून त्यात पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय. चार्ल्स द गॉल फ्रेंच युद्धकैदी म्हणून याच शहराच्या एका किल्ल्यात होता. पळायचे त्याचे प्रयत्न फसले, हेही इथे कळतं.

तुरा शोधणाऱ्याला या संग्रहालयात जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि तेच मला हवं होतं. १९१४ चं शिरस्त्राण दिसतं ते कापडी खोळीखाली. मग १९१५ चा नमुना येतो, टोक काढता येणारा, कारण खंदकातून ते टोक आधी दिसायचं. १९१६ पासून पोलादी हेल्मेट. तुरा कुठेच नाही. हेल्मेट रणांगणावर गेली आणि शत्रूच्या सैनिकांनी आठवण म्हणून उचलून जगभर नेली. तुरे मागे राहिले, रेजिमेंटच्या कपडे-कोठारात. तिथे १९१८ नंतर त्यांना कुणी वाली उरला नाही. उरलेलं काम कसरीने केलं. म्हणून आज शिरस्त्राणं पोत्याने सापडतात, आणि त्यांचे तुरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

यातून संग्राहकांच्या जगातलं एक अवघड सत्य निघतं. आज जे शिरस्त्राण तुऱ्यासकट दिसतं, त्यातल्या बहुतेकांची लग्नं नंतर लागलेली आहेत. तुरा एकीकडचा, टोपी दुसरीकडची, जुळवणारा विकणारा.

शनिवार : रास्टाट

सकाळी उल्म, श्टुटगार्ट, कार्ल्सरुहे अशा गाड्या बदलत रास्टाट. इथला राजवाडा बाडेनच्या लुडविग विल्हेल्मने सन १७०० पासून बांधायला घेतला. तुर्कांशी लढला म्हणून लोक त्याला 'टर्केनलुई' म्हणत. छपरावर सोनेरी ज्युपिटर, विजा फेकायच्या पवित्र्यात. १८४९ च्या क्रांतिकारकांचा शेवटचा किल्लाही रास्टाटच. वाड्याच्या एका पंखात लष्करी इतिहासाचं संग्रहालय आहे आणि बाडेनची शिरस्त्राणं पाहायची तर इथेच. पुढच्या पत्र्यावर गरुडाऐवजी ग्रिफिन, म्हणजे सिंहाच्या धडाचा आणि गरुडाच्या चोचीचा प्राणी. बाडेनची लाइब-ग्रेनेडिअर रेजिमेंट, क्रमांक १०९, पांढऱ्या तुऱ्याची.

खरं काम दुपारी होतं. राइनकाठच्या एका खेड्यात एक निवृत्त शिक्षक राहतात. नाव लिहीत नाही. संग्राहकांना ते आवडत नाही आणि विमा कंपन्यांनाही. पत्रव्यवहार वर्षभराचा, भेट पहिलीच. दारातच म्हणाले, "आधी कॉफी, मग केस." मी त्यांना 'हेर लेहरर' म्हणतो, म्हणजे आपल्याकडचं 'गुरुजी'.

गुरुजींनी हातमोजे घातले, मलाही दिले. जुन्या पिसांत आणि कातड्यांत कसर लागू नये म्हणून आर्सेनिक फासलेलं असू शकतं, त्यामुळे हातमोजे वस्तूसाठी तसे आपल्यासाठीही. मग एक गार्डचं शिरस्त्राण टेबलावर ठेवलं. आतून चामडं काळंभोर, मानेच्या पट्टीवर गार्डच्या कपडेखात्याचा शिक्का. शिपायाला टोपी सरकारी मिळे आणि शिक्का असाच पडे. अधिकारी मात्र स्वतःच्या पैशाने शिंप्याकडून घेत. तिथे शिक्का नसतो. चामडं पातळ, तारे बारीक, तुरा मऊ. अधिकाऱ्यांच्या तुऱ्याला घोड्याऐवजी म्हशीवर्गातल्या जनावराचे केस वापरत. 'ब्युफेलहार' म्हणून तो माल ओळखला जाई.

त्यांनी टोक डावीकडे फिरवलं. दोन-तीन आटे आणि पितळी टोक हातात आलं. त्याच्या जागी एक उंच, सडपातळ पितळी नळी बसवली, वर किंचित फुललेली. 'ट्रिश्टर' म्हणतात तिला, म्हणजे नरसाळं, आणि दिसतेही तशीच. तुऱ्याची खुंटी त्या तोंडात जाते, केस काठावरून चारी बाजूंना खाली सांडतात, आणि पुढच्या बाजूला पत्र्यावरच्या गरुडाच्या पंखांना टेकतात. पाच मिनिटांत टोपीचा अवतार पालटला. भर चौकात उभं राहून लोकांना दिसावं, यासाठीच हा सगळा खटाटोप. बर्लिनच्या टेम्पेलहोफ मैदानावर वसंतात आणि शरदात कैसरपुढे संचलन होई, त्या दिवशी असे हजारो तुरे एका वेळी हलत असतील.

माझा खोका उघडला. गुरुजींनी तुरा उलटा धरून केस बाजूला सारले. वरचे केस विटकरी झालेत, पण तारेखाली, जिथे उजेड कधी पोचला नाही, तिथे रंग अजून टवटवीत किरमिजी. खुंटीवर कागदाची पट्टी गुंडाळलेली होती. नरसाळ्यात खुंटी डुगडुगू नये म्हणून कुणीतरी केलेली जुनी युक्ती. कागदावर छापील अक्षरांचे तुकडे, गॉथिक वळणाचे. ही लिपी नाझी राजवटीने १९४१ च्या सुरुवातीला सरकारी आणि छापील वापरातून काढली. म्हणजे कागद बहुधा त्याआधीचा. पण वर्तमानपत्राचा तुकडा, त्यात गावाचं नाव नाही, तारीख नाही.

खुंटी प्रशियन नळीत घातली. बसली. बव्हेरियन शिरस्त्राण आणलं, पुढे दोन सिंह आणि 'इन ट्रॉय फेस्ट' हे ब्रीद. त्याच्या नळीत घातली. तिथेही बसली. कागद असल्यावर कशातही बसणार. बाजारात लोक "बघा, चपखल बसतो, म्हणजे याचाच" म्हणत गळ्यात मारतात, त्या युक्तिवादाची किंमत त्या दुपारी माझ्यासमोरच शून्य झाली. गुरुजींकडे दोन शिरस्त्राणं आहेत ज्यांच्यावर नुसती रिकामी नळी आहे. तुरा मिळाला नाही म्हणून लावलेला नाही. त्यांच्या कपाटातल्या सगळ्या वस्तूंत मला तीच दोन सर्वांत विश्वासू वाटली.

रविवार : जुन्या वस्तूंचा बाजार

श्टुटगार्टकडे परतताना वाटेत एका गावच्या सभागृहात बाजार भरला होता. गाव सांगत नाही. चारशे टेबलं नसतील, पण पदकं, बटणं, पट्टे, तलवारीच्या मुठी यांची दाटी. पोटाशी बॅग धरून फिरायचं आणि खिशात अतिनील टॉर्च ठेवायचा.

टॉर्चची गरज अशी. चमक आणणारी ऑप्टिकल ब्राइटनर रसायनं कापडउद्योगात आली ती साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास, आणि नंतर साबणाच्या पावडरीतून सगळीकडे पसरली. त्यांच्यावर अतिनील उजेड पडला की ती निळसर पांढरी पेटतात. जुना सुती दोरा मंद राहतो. एका टेबलावर गार्डच्या शिरस्त्राणावर शुभ्र पांढरा तुरा होता, तुऱ्यासकट किंमत नुसत्या टोपीच्या दीडपट. विक्रेत्याला विचारून टॉर्च लावला. केस शांत, पण बांधलेला दोरा दिव्यासारखा पेटला. केस जुने असतीलही, तुरा मात्र कुणीतरी युद्धानंतर नव्याने बांधलेला. विक्रेत्याने खांदे उडवले आणि म्हणाला, "सुंदर दिसतो ना?" दिसत होता, त्यात वादच नाही.

नकली केस ओळखायला टॉर्चही लागत नाही. टेबलावरून गळालेला एखादा केस मिळाला तर आगपेटी पुरे. खरा केस जळताना जळक्या नखाचा वास येतो आणि राख चुरगळते. नायलॉन वितळून त्याची कडक गुठळी होते. अर्थात हे बाहेर अंगणात, विक्रेत्याच्या परवानगीने. नाहीतर आपलीच टोपी उडायची.

हुसारांच्या, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, केसाळ टोप्यांसाठी अधिकारी बगळ्याची पिसं वापरत. तशी एक पिसांची कलगी इथे काचेच्या डबीत होती. युरोपीय संघात मोठा बगळा आणि छोटा बगळा दोघांनाही कडक संरक्षण आहे. तरीही मार्च १९४७ पूर्वी घडवलेल्या वस्तूला सवलत मिळते, पण जुनेपणा दाखवायला हवा. आपला संबंधही इथे येतो. युरोपच्या टोप्यांसाठी आणि बायकांच्या हॅटांसाठी हिंदुस्थानातून बगळ्यांची पिसं जहाजांनी जात. १९०२ मध्ये ब्रिटिश सरकारने पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. मग सिंधमध्ये काहींनी बगळे पाळून पिसं काढायला सुरुवात केली. हुसार अधिकाऱ्याच्या कलगीत सिंधचा बगळा असेलच असं नाही, पण त्या डबीपुढे उभा असताना तो डोळ्यांसमोर आला खरा.

खरेदी काही नाही. फक्त सॉसेज आणि ब्रेड, तेही थंड.

सोमवार : ड्रेस्डेन

रात्री पोचलो. सोमवारी लष्करी इतिहास संग्रहालय उशिरापर्यंत उघडं असतं, त्यामुळे घाई नव्हती. १८७० च्या दशकातलं शस्त्रागार आणि त्याच्या छातीत डॅनिएल लिबेस्किंडने २०११ मध्ये घुसवलेली काच-पोलादाची भली मोठी पाचर. बाहेरून बघताना मान आपोआप तिरकी होते.

सॅक्सनीचे तुरे आपल्या पठडीबाहेरचे. त्यांच्या शिकारी तुकड्यांच्या, म्हणजे येगरांच्या, टोपीवर काळा केसांचा तुरा असे. पण तो खाली सोडत नसत. डावीकडे ओढून बाजूला अडकवत. त्यामुळे सैनिक वाऱ्यात उभा असल्यासारखा दिसे. घोडदळाच्या गार्ड-राइटर रेजिमेंटने १९०७ पासून संचलनात तुऱ्याची भानगडच ठेवली नाही. टोपीवर चांदीसारखा सिंह बसवला, जसा प्रशियाच्या गार्ड दु कोरच्या, म्हणजे राजाच्या अंगरक्षक घोडदळाच्या, डोक्यावर पंख पसरलेला गरुड.

नव्या भागात सैन्यात वापरलेल्या प्राण्यांची एक मिरवणूक मांडली आहे, एकामागे एक, चढणीवर चालल्यासारखी. तिथे घोडा आहेच. इतके दिवस मी केसांकडे रंग म्हणून पाहत होतो, त्या घोड्यापाशी पहिल्यांदा नीट विचार केला की हा शेपटीचा माल आहे, तो कुणीतरी कापून, विंचरून, लांबीप्रमाणे वेगळा करून विकला असणार. या व्यापाराचं आज हयात असलेलं एकच ठिकाण मला माहीत होतं. लगेच फोन लावला.

मंगळवार : मार्कनॉयकिर्शेन

ड्रेस्डेनहून त्स्विकाउ, मग डोंगरातून आडोर्फ, पुढे बस. मार्कनॉयकिर्शेन म्हणजे वाद्यांचं गाव. बोहेमियातून आलेल्या निर्वासित व्हायोलिनकारांनी १६७७ मध्ये इथे आपला संघ काढला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथून अमेरिकेला इतकी वाद्यं जात, की एवढ्याशा गावात अमेरिकेने आपली वकिलात उघडली होती. पाउलुस-श्लोसेल नावाच्या वाड्यात वाद्यांचं संग्रहालय आहे. तिथले लष्करी बँडचे पितळी भोंगे बघितले, तर लाल तुऱ्याचे वाजंत्री पुन्हा आठवले. दोन्ही पक्षांनी इथपर्यंत पाठलाग केला म्हणायचा.

ज्या बाईंना फोन केला होता त्या व्हायोलिनचे गज बनवतात. कार्यशाळा छोटी, सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास, भिंतीवर शेपट्यांसारखे केसांचे गड्डे टांगलेले. एका गजाला दीडशे-दोनशे केस लागतात, बहुतेक मंगोलियातून किंवा सैबेरियातून येणारे. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि तुऱ्यावर वाकल्या.

पहिली गोष्ट त्यांनी लगेच सांगितली. हे केस मुळात फिके आहेत, काळे असते तर लाल रंग दिसलाच नसता. रंगाऱ्याला हे कळायला भिंग लागत नाही, पण पुढचं मला सुचलं नव्हतं. घोडीच्या शेपटीचे केस मुतामुळे पिवळे पडतात. म्हणून गजासाठी घोड्याचे, शक्यतो नराचे, स्वच्छ पांढरे केस निवडतात. "पांढऱ्या तुऱ्याला स्वच्छ केस हवेत. लाल करायचा असेल तर पिवळट चालतात, रंगाखाली दडतात. काळ्या तुऱ्याला तर काहीही चालतं," त्या म्हणाल्या. रंगशाळेत आम्ही डागी कापड गडद रंगात टाकून वाचवतो, तोच हिशोब.

लाल रंगाबद्दल माझी बाजू मी मांडली. १८७८ च्या सुमाराला जर्मन कारखान्यांनी अ‍ॅझो वर्गातले लाल रंग बाजारात आणले. लोकरीला आणि केसांना ते आम्लाच्या पाण्यात सहज धरतात, स्वस्तही पडतात. आधीचा किरमिजी किड्यांचा रंग महाग. माझ्या तुऱ्याचं वरचं विटणं आणि तारेखालचा तो भडकपणा अ‍ॅझोकडे बोट दाखवतो. प्रयोगशाळेशिवाय मी त्यावर सही करणार नाही. तसं असेल तर तुरा १८७८ नंतरचा. मग बव्हेरियाच्या टोकदार शिरस्त्राणाचा काळ, १८८६ ते १९१४, त्याच्याशी जुळतो. प्रशियाच्या वाजंत्र्यांशीही जुळतो.

राहिला आकड्यांचा हिशोब. १९१४ मध्ये बव्हेरियाच्या मैदानी तोफखान्याच्या बारा रेजिमेंटा होत्या, शिवाय किल्ल्यांच्या तोफांच्या तीन. यांत वाजंत्री नव्हे, सगळेच लाल. दुसऱ्या बाजूला एका पायदळ रेजिमेंटमध्ये शंभर पांढऱ्या डोक्यांमागे थोडी लाल. माळ्यावरून लाल तुरा निघाला, आणि तोही दक्षिण जर्मनीत, तर पारडं तोफेकडे झुकतं. एवढंच म्हणता येतं. बाईंनी तुरा परत खोक्यात ठेवला, पण त्याआधी गजाच्या बारीक कंगव्याने दोन वेळा विंचरला. मुळापासून टोकाकडे, हलक्या हाताने. सवय असणार.

परतीच्या गाडीत होफपर्यंत एकच गोष्ट ठरवली. प्रशियाच्या लष्कराची दप्तरं पॉट्सडामला होती आणि एप्रिल १९४५ च्या बॉम्बफेकीत जळाली. तिथे लाल तुऱ्यांच्या खरेदीची फाइल शोधायला जाण्यात अर्थ नाही. बव्हेरियाची मात्र म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात शाबूत आहेत. वाचनालयाचा अर्ज फोनवरच भरला. विषयाच्या रकान्यात लिहिलं : तोफखाना, हारबुश लाल, पुरवठादार आणि खरेदी, १८८६ ते १९१४. तुरा स्वतः आता आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये जाईल, कसरीची अंडी असली तर मरावीत म्हणून. मटारांच्या पिशवीशेजारी त्याला जागा द्यायला बायकोने अजून होकार दिलेला नाही.